बली, अर्पण आणि स्मरण : कॅथलिक उपासनेतील यज्ञकल्पनेची बायबलमधील मुळे

१

कॅथलिक ख्रिस्ती उपासनेचा मध्यबिंदू म्हणजे मिस्सा. वसई-गोव्याकडे पोर्तुगीज भाषेतून रूढ झालेले हे नाव मूळचे लॅटिन आहे. उपासनेच्या अखेरीस लोकांना निरोप देण्यासाठी जे वाक्य उच्चारले जाई, त्यातील निरोपवाचक शब्दावरून ते पडले. नावात यज्ञाचा वा बलीचा मागमूसही नाही. धर्मसिद्धान्त मात्र निःसंदिग्ध आहे. मिस्सा हा खराखुरा यज्ञ आहे, तो वेदीवर अर्पण केला जातो आणि अर्पण करणारा याजक असतो, असे कॅथलिक धर्मसभा मानते. प्रत्यक्ष वेदीवर काय असते, ते पाहू गेल्यास गव्हाची भाकरी, द्राक्षारस आणि त्यात मिसळलेले थोडे पाणी एवढेच आढळते. पशू नाही, सुरी नाही, अग्नी नाही. मग यास यज्ञ का म्हणावयाचे?

या प्रश्नास सामान्यतः असे उत्तर देण्यात येते की, क्रुसावरील येशूचे मरण हा यज्ञ होता आणि मिस्सेत तोच यज्ञ उपस्थित होतो. सिद्धान्त म्हणून हे उत्तर बरोबर आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाचे त्याने समाधान होत नाही. ज्या यहुदी समाजात ख्रिस्ती धर्माचा उदय झाला त्या समाजापाशी यज्ञवाचक असा एक शब्द नव्हता. अनेक शब्द होते आणि त्यांतील प्रत्येकाचा विधी, प्रसंग व आशय निराळा होता. हे शब्द हिब्रूमधून ग्रीकमध्ये व ग्रीकमधून लॅटिनमध्ये जाताना त्यांपैकी कित्येक एकमेकांत मिसळून गेले. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की, मिस्सेतील यज्ञकल्पनेची मुळे पशुवधाच्या विधीत जितकी आहेत, तितकीच ती अन्नार्पण, उपकारस्तुती आणि स्मरण या विधींत आहेत. सोळाव्या शतकात युरोपात या विषयावर जो तीव्र वाद झाला, त्याच्या मुळाशी अंशतः हे शब्दांचे मिसळणेच होते.

प्रारंभीच एक पथ्य सांगून ठेवणे आवश्यक आहे. जेम्स बार यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या बायबलमधील शब्दार्थविषयक ग्रंथात, व्युत्पत्तीलाच अर्थ समजण्याच्या प्रवृत्तीवर कठोर टीका केली. शब्दाचा धातू सांगितला म्हणजे त्याचा अर्थ सांगितला असे होत नाही. तो शब्द कोणत्या वाक्यात व कोणत्या व्यवहारात योजिला आहे, हे पाहावे लागते. पुढील विवेचनात व्युत्पत्ती आल्या आहेत, परंतु निर्णय विधींच्या वर्णनावरून केला आहे.

२

लेवीय या ग्रंथाच्या पहिल्या सात अध्यायांत अर्पणांचे सविस्तर विधान आहे. सर्वांना व्यापणारा शब्द ‘कोर्बान’ हा होय. ‘जवळ येणे’ या अर्थाच्या धातूपासून तो झाला असून देवाजवळ जे आणावयाचे ते कोर्बान. या शब्दाचे कूळ मराठी वाचकास अगदीच अपरिचित नाही. अरबी-फारसीतून मराठीत आलेला ‘कुर्बानी’ हा शब्द त्याच सेमिटिक धातूचा आहे, आणि केरळमधील सिरियन परंपरेचे ख्रिस्ती लोक मिस्सेस आजही ‘कुर्बाना’ म्हणतात.

कोर्बानचे प्रकार पुढीलप्रमाणे. ‘ओला’ म्हणजे संपूर्ण जाळावयाचा होमबली; त्यातील काहीही खावयाचे नसे. ‘झेबह’ म्हणजे मारलेल्या पशूचा बली; त्याची चरबी वेदीवर जळे, काही भाग याजकास मिळे आणि उरलेले मांस अर्पण करणारा आपल्या कुटुंबासह खाई. ‘मिनहा’ म्हणजे अन्नार्पण : सपिठ, तेल व ऊद. ‘हत्ताथ’ हा पापबली आणि ‘आशाम’ हा दोषबली. हत्ताथ या एकाच शब्दाचा अर्थ ‘पाप’ असाही होतो आणि पापाबद्दलचे अर्पण असाही होतो.

या विधानांतील तीन गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, पशू मारणे हे याजकाचे काम म्हणून सांगितलेले नाही. होमबलीच्या विधीत पशू आणणारा मनुष्य त्याच्या मस्तकावर हात ठेवतो आणि तोच त्यास मारतो. याजकाचे कार्य त्यानंतर, रक्त वेदीपाशी नेण्यापासून सुरू होते (लेवीय १:४-५). रक्तास महत्त्व का, याचे कारणही त्याच ग्रंथात दिले आहे : देहाचा जीव रक्तात असतो, म्हणून ते प्रायश्चित्तासाठी वेदीवर दिले आहे (१७:११). म्हणजे वेदीवर जे नेले जाते ते जीवन होय. वध ही त्यापूर्वीची आवश्यक क्रिया आहे. यज्ञाचा कळस तो नव्हे.

दुसरी गोष्ट अशी की, रक्ताशिवायही अर्पण होऊ शकत असे. ज्याला मेंढरू परवडत नाही त्याने पापबलीसाठी दोन पक्षी आणावे आणि तेही परवडत नसतील, तर एक दशमांश एफा सपीठ आणावे, अशी सोय लेवीय ग्रंथात आहे (५:११). या सपिठासही ‘हत्ताथ’ हेच नाव आहे. रोज सकाळी व संध्याकाळी अर्पावयाच्या कोकरांबरोबर सपीठ, तेल आणि द्राक्षारसही द्यावा लागे (निर्गम २९:३८-४१). वेदीवर भाकरी व द्राक्षारस यांचे स्थान याप्रमाणे फार जुने आहे.

तिसरी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. मिनहामधील एक मूठ सपीठ उदासह वेदीवर जाळीत. तिला ‘अझ्कारा’ म्हणजे स्मरणभाग असे म्हटले आहे (लेवीय २:२). देवापुढे दर शब्बाथास मांडावयाच्या बारा भाकरींच्या विधीतही हाच शब्द येतो (२४:५-९). वल्हांडणाचा दिवस इस्राएल लोकांस ‘झिक्कारोन’ म्हणजे स्मरण व्हावा, असे निर्गम ग्रंथ सांगतो (१२:१४). दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. हे स्मरण मनातल्या मनात करावयाचे नव्हते. ते विधीने, अन्नाने आणि वेदीसमक्ष करावयाचे होते.

झेबहचा एक पोटप्रकार ‘तोदा’ या नावाचा आहे. संकटातून सुटलेल्या मनुष्याने देवाचे उपकार स्मरून करावयाचा हा विधी होय. त्यात पशूबरोबर भाकरीही, बेखमीर आणि खमिराच्या अशा दोन्ही, आणावयाच्या असत, आणि मांस त्याच दिवशी खाऊन संपवावे लागे (७:१२-१५). आप्तेष्टांसह भोजन, सुटकेचे कथन आणि स्तुती ही त्याची अंगे.

३

यज्ञविधीला करार या कल्पनेची जोड सीनाय पर्वताच्या कथेत मिळते. मोशे अर्धे रक्त वेदीवर टाकतो, कराराचा ग्रंथ लोकांस वाचून दाखवितो आणि उरलेले अर्धे रक्त लोकांवर शिंपडून ते ‘कराराचे रक्त’ आहे असे सांगतो. नंतर वडीलजन पर्वतावर चढतात आणि देवासमक्ष खातातपितात (निर्गम २४). वेदी, वचन, रक्त आणि भोजन ही चारही अंगे येथे एकत्र आली आहेत. एका जीवनात देव आणि लोक दोघेही सहभागी झाले, असा या विधीचा आशय दिसतो.

आमोस, होशेय, यशया, मीखा या संदेष्ट्यांनी यज्ञांवर जे कोरडे ओढले ते प्रसिद्ध आहेत. न्याय आणि दया यांवाचून केलेले होम देवास नकोत, असे ते बजावतात. त्यांनी यज्ञसंस्थाच नाकारली असे कित्येकांचे मत असले, तरी तसे मानण्याचे कारण नाही. त्यांच्या टीकेचा परिणाम मात्र मोठा झाला. भग्न हृदय हाच देवाचा यज्ञ होय, हा विचार स्तोत्रांत रुजला (५१:१७). इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या सुमाराचा मलाखी हा संदेष्टा तर आंधळी-लंगडी जनावरे वेदीवर आणणाऱ्या याजकांची निर्भर्त्सना करताना, उगवतीपासून मावळतीपर्यंत राष्ट्राराष्ट्रांत देवाच्या नावास शुद्ध अर्पण केले जाते, असे म्हणतो (१:११). मूळ शब्द आहे ‘मिनहा’. हे एक वचन पुढे ख्रिस्ती लेखकांनी जितक्या वेळा उद्धृत केले तितक्या वेळा क्वचितच दुसरे केले असेल.

मंदिर नसताना यज्ञ कसा करावयाचा, हा प्रश्नही यहुदी समाजापुढे उभा राहिला होता. दानीएल ग्रंथाच्या ग्रीक पाठात भट्टीत टाकलेल्या अजऱ्याची प्रार्थना आहे. आमच्यापाशी आज होम नाही, बली नाही, अर्पणाचे स्थान नाही. तरी भग्न हृदय व नम्र आत्मा यांसह आमचा स्वीकार व्हावा, असा तिचा भाव आहे. कॅथलिक बायबलात हा भाग समाविष्ट असून, भाकरी व द्राक्षारस वेदीवर ठेवल्यानंतर याजक जी प्रार्थना हळू आवाजात म्हणतो ती याच प्रार्थनेवरून घेतली आहे.

४

इ. स. पूर्व तिसऱ्या व दुसऱ्या शतकांत हिब्रू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर मुख्यतः अलेक्झांड्रियात झाले. ‘सेप्टुआजिंट’ म्हणजे सत्तरांचे, या नावाने ते ओळखले जाते. भाषांतरकारांची कामगिरी थोर होती आणि त्यांच्या अडचणीही तितक्याच मोठ्या होत्या. वेदीसाठी ग्रीकमध्ये ‘बोमोस’ हा शब्द होता. परंतु तो ग्रीक दैवतांच्या वेदीशी निगडित असल्यामुळे इस्राएलच्या देवाच्या वेदीसाठी त्यांनी ‘थुसियास्तेरिओन’ असा नवा शब्द प्रचारात आणला. येथे त्यांनी भेद राखला. अर्पणांच्या नावांत मात्र त्यांना तो राखता आला नाही. ‘झेबह’ आणि ‘मिनहा’ या दोहोंसाठी त्यांनी बहुधा ‘थुसिया’ हा एकच शब्द योजिला. मारलेला पशू आणि मूठभर सपीठ एका नावाखाली आले. मलाखीची शुद्ध ‘मिनहा’ ग्रीकमध्ये शुद्ध ‘थुसिया’ झाली, आणि लॅटिनमध्ये ‘साक्रिफिकियुम’ या शब्दाने थुसियाची जागा घेतली तेव्हा मूळचा भेद वाचकाच्या दृष्टीआड झाला.

याउलट काही ठिकाणी या भाषांतराने जुने दुवे टिकविले. ‘तोदा’ या झेबहसाठी त्यांनी ‘स्तुतीची थुसिया’ असा शब्दप्रयोग केला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तो जसाच्या तसा येतो (१३:१५), आणि रोमच्या प्राचीन मिस्साप्रार्थनेत ‘स्तुतीचा यज्ञ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांनी तो आजतागायत टिकून आहे. इ. स. दुसऱ्या शतकात अक्विला या यहुदी भाषांतरकाराने तर ‘तोदा’साठी ‘युखारिस्तिया’, म्हणजे उपकारस्तुती, हा शब्द वापरला. ख्रिस्ती उपासनेचे एक अतिशय जुने ग्रीक नाव नेमके हेच आहे. बारा भाकरींच्या विधीतील स्मरणासाठी सेप्टुआजिंटमध्ये ‘अनाम्नेसिस’ हा शब्द आहे, हेही येथे नोंदवून ठेवावे.

५

आता शेवटच्या भोजनाच्या कथेकडे वळू. तिचे सर्वांत जुने लिखित रूप पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, म्हणजे इ. स. ५५ च्या सुमारास आढळते (११:२३-२६). मार्क व मत्तय यांच्या पाठात प्याल्यासंबंधी ‘कराराचे रक्त’ हे सीनायचे शब्द येतात. पौल व लूक यांच्या पाठात यिर्मयाने सांगितलेला ‘नवा करार’ येतो, आणि हे आपल्या ‘अनाम्नेसिस’साठी करा, अशी आज्ञा येते. पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार हे वल्हांडणाचे भोजन होते. योहानाच्या मते येशूला क्रुसावर दिले तो वल्हांडणाच्या पूर्वतयारीचा दिवस होता. कालगणनेचा हा भेद मिटलेला नाही; परंतु वल्हांडणाच्या छायेत हा प्रसंग घडला, याविषयी चौघांचे एकमत आहे. ट्यूबिंगेन येथील हार्टमुट गेझे यांनी प्रभुभोजनाचे मूळ ‘तोदा’ विधीत शोधले. हे मत सर्वमान्य झालेले नाही. तथापि सुटकेचे कथन, भाकरी, भोजन आणि स्तुती या अंगांचे साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही.

येथे वर सांगितलेले पथ्य पाळले पाहिजे. ‘करा’ या अर्थाचे ग्रीक क्रियापद सेप्टुआजिंटमध्ये यज्ञाच्या संदर्भात ‘अर्पा’ अशा अर्थाने येते, यावरून ‘हे करा’ म्हणजे ‘हे अर्पण करा’ असा युक्तिवाद काही पंडितांनी केला. परंतु तो अर्थ बलिवाचक कर्म जवळ असेल तरच निघतो. एकट्या क्रियापदात तो नाही. यज्ञकल्पनेचा आधार त्या क्रियापदात शोधण्याऐवजी ‘करार’ आणि ‘स्मरण’ या दोन शब्दांत शोधावा, हे अधिक सयुक्तिक.

पौल त्याच पत्रात प्रभूचे मेज, इस्राएलची वेदी आणि मूर्तींना वाहिलेल्या अन्नाचे मेज यांची एका रांगेत तुलना करतो (१०:१६-२१). तिन्ही यज्ञभोजने आहेत असे गृहीत धरल्यावाचून ही तुलना उभी राहत नाही. इब्री लोकांस लिहिलेले पत्र मात्र दुसऱ्याच गोष्टीवर भर देते. येशूने स्वतःस ‘एकदाच’ अर्पिले, पुन्हा अर्पणाची गरज नाही, हा त्या पत्राचा मुख्य सूर आहे. पुढील वादाची दोन्ही टोके याप्रमाणे नव्या करारातच आहेत.

६

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि तेथील पशुयज्ञ थांबले. त्याच सुमारापासून ख्रिस्ती लेखनात भाकरी मोडण्याच्या विधीस ‘थुसिया’ म्हणण्याचा प्रघात दिसू लागतो. १८८३ साली फिलोथेओस ब्रुएन्निओस यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘दिदाखे’ या प्राचीन पुस्तिकेत, रविवारी जमून भाकरी मोडण्यापूर्वी परस्परांतील भांडण मिटवावे, म्हणजे तुमची थुसिया विटाळणार नाही, असे सांगून मलाखीच्या वचनाचा आधार दिला आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन याने महारोगातून बरे झालेल्या मनुष्याने द्यावयाचे सपिठाचे अर्पण हे ख्रिस्ती भाकरीचे पूर्वचिन्ह मानले. इ. स. १८० च्या सुमारास लियॉनचा बिशप इरेनेयस याने त्याच मलाखीवचनाचा उपयोग जडसृष्टीस दुष्ट मानणाऱ्या ज्ञेयवादी पंथांविरुद्ध केला. सृष्टी दुष्ट असेल, तर तिची प्रथमफळे, म्हणजे भाकरी व द्राक्षारस, देवास अर्पावीत कशी, असा त्याचा रोख होता. या तिघांनीही जो धागा धरला तो ‘मिनहा’चा आहे, पशुवधाचा नाही.

तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मलकीसदेकाच्या कथेस पुढे आणले. अब्राहामासमोर भाकरी व द्राक्षारस घेऊन आलेला हा शालेमचा राजा याजकही होता (उत्पत्ती १४:१८). आश्चर्य हे की, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात मलकीसदेकाची एवढी चर्चा असूनही भाकरी-द्राक्षारसाचा उल्लेख नाही. या वचनातील एक अव्यय पुढे वादाचा विषय झाले. हिब्रूमध्ये ‘आणि तो याजक होता’ असे आहे. लॅटिन व्हल्गेट पाठात ‘कारण तो याजक होता’ असे झाले. ‘कारण’ घेतले, तर भाकरी आणणे हेच याजककर्म ठरते; ‘आणि’ घेतले, तर ते थकलेल्या सैनिकांसाठी आणलेले अन्नही असू शकते. सुधारणावादी पंडितांनी हा फरक नेमका हेरला.

रोमच्या मिस्साप्रार्थनेचा गाभा चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानचा बिशप अँब्रोज याच्या लेखनात आढळतो. तीत हाबेल, अब्राहाम व मलकीसदेक या तिघांच्या अर्पणांचा नामनिर्देश आहे. इ. स. ५४७ मध्ये समर्पित झालेल्या राव्हेन्नाच्या सान व्हिताले मंदिरात वेदीच्या दोहो बाजूंस याच तिघांची चित्रे कुट्टिमकामात आजही पाहावयास मिळतात. मुख्य गोष्ट अशी की, या प्रार्थनेत येशूचे मरण व पुनरुत्थान यांचे स्मरण करणे आणि अर्पण करणे ही एकाच वाक्यात गुंफली आहेत : स्मरण करीत आम्ही अर्पितो, अशी तिची रचना आहे. अझ्कारा, झिक्कारोन आणि अनाम्नेसिस यांचा वारसा त्या वाक्यरचनेत उतरला आहे.

७

मध्ययुगात ‘साक्रिफिकियुम’ या शब्दाभोवती वधाची कल्पना दाट होत गेली. अर्पिलेल्या भाकरीस ‘होस्तिया’ म्हणत, आणि या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ बलिपशू असा आहे. मग प्रत्येक मिस्सेत येशूचा पुन्हा वध होतो की काय, हा प्रश्न अपरिहार्य होता. मार्टिन ल्यूथर याने १५२० साली मिस्सेस यज्ञ म्हणणे नाकारले. ती देवाने मनुष्यास दिलेली देणगी आहे, मनुष्याने देवास दिलेली नव्हे, अशी त्याची भूमिका होती. ट्रेंटच्या परिषदेने १७ सप्टेंबर १५६२ रोजी उत्तर दिले की, अर्पण करणारा तोच, बलीही तोच, केवळ अर्पणाची रीत भिन्न व रक्तहीन. हे उत्तर देताना परिषदेने मलाखी, मलकीसदेक आणि वल्हांडण यांचाच आधार घेतला, आणि मिस्सेने क्रुसाच्या यज्ञाचे स्मरण टिकावे असेही म्हटले. दोन्ही पक्षांपाशी ‘स्मरण’ हा शब्द होता. एकाने त्यास केवळ आठवण मानले असे दुसऱ्यास वाटले, आणि दुसऱ्याने यज्ञाची पुनरावृत्ती मानली असे पहिल्यास वाटले. १९७१ साली विंडसर येथे कॅथलिक व अँग्लिकन प्रतिनिधींनी काढलेल्या निवेदनात, तसेच १९८२ च्या लिमा येथील दस्तऐवजात, ‘अनाम्नेसिस’ या शब्दावर जो भर दिसतो त्याचे कारण या इतिहासात आहे.

मराठीतही या वादाचे पडसाद शब्दांतून उमटले आहेत. प्रॉटेस्टंट मंडळी ‘प्रभुभोजन’ म्हणतात. कॅथलिक समाजात ‘मिस्सा’ रूढ आहे. १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या निर्णयानंतर लोकभाषेतून उपासना सुरू झाली, तेव्हा यज्ञवाचक शब्द निवडण्याची जबाबदारी मराठी भाषांतरकारांवर येऊन पडली. ‘यज्ञ’ म्हटले की अग्नी आणि होम डोळ्यांपुढे येतात. ‘बळी’ म्हटले की आज अपघातात दगावलेला मनुष्य आठवतो. ‘बलिदान’ म्हणजे देशासाठी वा ध्येयासाठी प्राण देणे. येशूच्या क्रुसास तो शब्द शोभतो, परंतु मूठभर सपिठाची ‘मिनहा’ आणि सुटकेच्या भोजनाची ‘तोदा’ त्यात मावत नाहीत. ‘अर्पण’ हा शब्द कोर्बान व मिनहा यांच्या अधिक जवळचा आहे, परंतु त्यात रक्ताने बांधलेल्या कराराची धग नाही. सेप्टुआजिंटच्या भाषांतरकारांपुढे जी अडचण होती तीच येथे नव्याने उभी राहते.

एकच शब्द सर्वत्र योजण्याचा आग्रह धरला, तर जे ग्रीकमध्ये झाले तेच मराठीत होईल. यास्तव स्थलपरत्वे अर्पण, बली, उपकारस्तुती आणि स्मरण हे शब्द वेगवेगळे राखावेत, आणि उपासकास त्यांच्यामधील नाते प्रवचनातून समजावून द्यावे, हे प्रस्तुत लेखकास इष्ट वाटते. लेवीय ग्रंथातील ज्या गरिबापाशी पक्षी घेण्यासही पैसे नव्हते त्याच्या सपिठास याजकाने नाकारले नाही. त्यासही पापबलीचे पूर्ण नाव दिले. वेदीवरील भाकरीस यज्ञ का म्हणावयाचे, या प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या सपिठाचा विसर पडू नये.